कोरड्या कापडावरची शिवण

मित्रांनो, तुमच्या अंगातल्या बनियनची कड जरा उलटी करून बघा. कापडाच्या काठावर दोऱ्यांची एक जाळीदार पट्टी दिसेल. ती पट्टी घालणाऱ्या ओव्हरलॉक मशीनपैकी मी एक. आता माझे वय झाले आहे. अंगाचा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे आणि चालताना माझ्या पोटातून येणारा आवाज नव्या मशीनींसारखा गोड राहिलेला नाही. तरी मी अजून चालते. आज तुम्हाला माझी हकिकत सांगते. ती ऐकून तुम्हाला आनंद होणार नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, थंड झाल्यावर कानशीने घासले, आणि मग एका चष्मेवाल्या कारागिराने माझ्या आत एकेक दांडा, एकेक चाक बसवले. शेवटी त्याने मला सुई लावली, दोरे ओवले आणि एक चिंधी पुढे सरकवली. मी माझ्या आयुष्यातले पहिले टाके घातले. त्याने ती चिंधी उजेडाकडे धरली, बराच वेळ बघितली आणि घडी करून खिशात घातली. इतक्या मशीनी बनवणाऱ्या माणसाने एक चिंधी घरी का न्यावी, हे मला आजही कळलेले नाही. पण त्या दिवशी मला फार बरे वाटले होते.

तिथून मी या होजिअरीच्या कारखान्यात आले. इमारत दुमजली. खाली धुलाईघर, वर शिवणघर. मला जिन्याच्या तोंडाशी जागा मिळाली. तिथे वारा चांगला यायचा, पण त्याबरोबर खालच्या हौदांची उग्र वाफही यायची, आणि जिन्यात कुणी हळू बोलले तरी मला स्पष्ट ऐकू यायचे.

आमच्याकडे तान्ह्या बाळांची पांढरी सुती झबली व्हायची. माझ्याकडे खांद्यांची शिवण होती. शर्टाचे कापड उभ्याआडव्या धाग्यांचे असते, पण होजिअरीचे तसे नसते. ते स्वेटरसारखे असते, एका फाशात दुसरा फास, दुसऱ्यात तिसरा. म्हणून ते अंगाबरोबर ताणते. मात्र त्यातला एक धागा तुटला, तर शेजारचे फासे सुटत जातात आणि टाचणीच्या टोकाएवढे भोक बघता बघता वाटाण्याएवढे होते. माझी सुई त्या कापडात मिनिटाला हजारो वेळा खालीवर होते. दर वेळी धाग्याने बाजूला सरकून तिला वाट द्यायला हवी. धागा सरकला तर शिवण होते. तो अडला, तर सुई त्याला तोडून जाते. तिला थांबणे माहीत नाही.

माझ्यावर बसायची ती वहिनी. तिचा नवरा तिच्या आधीपासून खालच्या धुलाईघरात कामाला होता. त्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा तिला वहिनीच म्हणत. सकाळी आल्याबरोबर ती ब्रशने माझ्या दातांतला कापूस काढायची, दोन थेंब तेल द्यायची आणि सुईचे टोक आपल्या नखावरून फिरवून बघायची. नखावर ओरखडा उठला की सुई बदलायची. मग पायडलवर पाय ठेवायच्या आधी माझ्या डोक्यावर एकदा थापटायची. मुलाला शाळेत पाठवताना पाठीवर हात ठेवावा, तसे.

तिच्या हाताची शिवण कशी होती ते सांगते. माल घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस दर महिन्याला यायचा. बारीक चणीचा, तोंडावरची रेषा न हलणारा माणूस. एकदा त्याने झबली उलटसुलट करून भिंगातून बघितली आणि विचारले, "हे खांदे कुणी शिवलेत?" वहिनीने घाबरत हात वर केला. तो म्हणाला, "काही नाही. बघायचं होतं, कोण आहे ते." एवढे बोलून तो निघून गेला. बायकांनी आठवडाभर वहिनीची पाठ सोडली नाही. "काही नाही हं, बघायचं होतं!" म्हणत जी ती तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि सगळ्या हसायच्या.

पुढे दादाची धाकटी बहीण शिवणघरात आली. ती याच दोघांकडे राहायची. तिला सगळे धाकटीच म्हणू लागले. ती माझ्या शेजारच्या मशीनवर शिकायची आणि दिवसातून दहा वेळा तिचा दोरा तुटायचा.

"वहिनी, ही मशीन माझ्यावर रुसलीय बघ."

"सकाळी तिला तेल पाजलंस का?"

"मीच अजून चहा नाही प्यायले, तिला कुठून पाजू!"

दुपारी दादा डबा घेऊन वर यायचा आणि तिघे माझ्या शेजारी बसून जेवायचे. दादाची बोटे ब्लीचने पांढरी पडलेली असायची, अंगाला कायम ओल्या कापडाचा वास. बोलायला तो तसा मुलखाचा संथ, पण धुलाईचा विषय निघाला की रंगात यायचा. धाकटीने एकदा त्याला विचारले, "दादा, कापड एकदा उकळून पांढरं केलं की झालं ना? पुन्हा चौथ्या हौदात कशाला बुडवतोस?"

दादाने हातातला घास खाली ठेवला. "अगं, कापसाच्या अंगात मुळातच मेण असतं. आपण पहिल्या हौदात सोडा घालून ते उकळून काढतो. काढलं नाही तर कापड पाणी पीत नाही, पांढरंही होत नाही. दुसऱ्या हौदात ब्लीच. तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पण तोवर कापडाच्या अंगातली सगळा गुळगुळीतपणा गेलेला असतो. धाग्यावर धागा घसरत नाही. म्हणून चौथ्या हौदात सॉफ्टनर द्यायचं. त्याचं काढून घेतलंय, तर थोडं परत नको द्यायला?"

"आणि नाही दिलं तर?"

"तर तुझी वहिनी मला जेवायला देणार नाही," दादा म्हणाला, आणि तिघेही हसले.

तसे दिवस बरीच वर्षे गेले. मग मागणी वाढली आणि कारखान्यात नवा सुपरवायझर आला. तो बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता मनगटावर बघायचा, म्हणून बायकांनी त्याचे नाव घड्याळ ठेवले. तोंडावर साहेब, पाठीमागे घड्याळ. त्याच सुमाराला खालचा चौथा हौद तळाशी गळू लागला.

एका सकाळी दादा आणि घड्याळ जिन्यात उभे होते. मी सगळे ऐकले.

"दोन दिवस काम बंद ठेवू, साहेब. हौद रिकामा करून तळाला डांबर लावून घेतलं की झालं," दादा म्हणाला.

"दोन दिवस वरच्या बायका काय माशा मारतील? तिसऱ्या हौदातून काढायचं आणि सरळ ड्रायरला लावायचं. ड्रायरची आचही वाढव, लवकर उरकेल."

"पण सॉफ्टनरशिवाय शिवताना त्रास होतो. सुई धागा तोडते."

"तो शिवणाऱ्यांचा प्रश्न. कापड पांढरं दिसतंय ना? मग झालं तर." मग घड्याळ म्हणाला, "आणि हे वर जाऊन बोलायचं नाही. तुम्ही घरचे तिघं इथे एकाच दाराने आत येता. त्याच दाराने बाहेर जायला वेळ लागणार नाही."

दादाच्या पावलांचा आवाज एकेक पायरी खाली गेला.

दोन दिवसांनी ते कापड माझ्यावर आले. बर्फासारखे पांढरे, पण हाताला कागदासारखे लागणारे. माझ्या सुईला ते पहिल्या टाक्यातच कळले. धागा बाजूला सरकेना. सुई त्याच्यावर घासत जायची, तापायची, आणि अधूनमधून टक् असा अगदी बारीक आवाज यायचा. तो धागा तुटल्याचा आवाज होता. वहिनीने पाय उचलला, कापडाचा तुकडा मुठीत चुरगळला, गालाला लावून बघितला.

"हे कापड करकरतंय," ती म्हणाली.

तिने सुई बदलली, बारीक सुई लावली. मग गोल टोकाची लावली. वेग कमी केला. तरी तो आवाज थांबला नाही. वरून शिवण मात्र सुबक दिसायची. तुटलेले धागे टाक्यांखाली दबून राहायचे, त्यामुळे माल तपासणीतून पास होऊन खोक्यात जायचा. वहिनीने त्या दुपारी दादाला विचारले, "अहो, धुलाईत काही बदललंय का?" दादा डब्यातच बघत म्हणाला, "नाही गं. हवा कोरडी आहे, म्हणून असेल." त्यानंतर तो कामाचे निमित्त करून डबा खालीच खाऊ लागला.

तीन आठवड्यांनी खोकी परत आली. तपासनीस स्वतः आला होता. त्याने एकदा धुतलेले झबले सगळ्यांसमोर टेबलावर पसरले आणि खांद्याची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली. शिवणीच्या काठाने भोकांची रांग उघडली. कंगव्याने पाडावीत तशी. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो वहिनीकडे बघून म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला वाटले.

घड्याळने फिटरकाकांना माझ्याकडे धाडले. फिटरकाका म्हणजे कारखान्यातले सर्वांत जुने माणूस. त्यांनी मला पूर्ण उघडले, दाते तपासले, खालचा दोरा गुंफणारा लूपर तपासला, सुई ज्या पट्टीतून खाली जाते तिच्या कडेवर बोट फिरवले. मग पुन्हा बंद करून म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. माझ्याहून तब्येतीने बरी आहे."

तेव्हा वहिनीने कपाटात टांगलेला जुन्या कापडाचा नमुना मागून घेतला. त्यातून एक पट्टी कापली. नव्या कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि त्यातली एक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. थोड्या वेळाने तिन्ही पट्ट्या एकाच सुईने, एकाच दोऱ्याने, एकाच वेगाने तिने माझ्यावर शिवल्या. फिटरकाकांनी त्या ताणून भिंगाखाली धरल्या. वीतभर शिवणीत जुन्या पट्टीवर एकही भोक नव्हते. नव्या कोरड्या पट्टीवर अकरा निघाली. ओलसर पट्टीवर चार.

"मशीन तीच, सुई तीच, हात तोच," फिटरकाका मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून. "मग बदललं काय?"

"कापड," वहिनी म्हणाली. "साहेब, या कापडात काही जीवच राहिलेला नाही. सॉफ्टनर कमी पडतंय, नाहीतर पडतच नाही."

घड्याळने मनगटाकडे बघितले. "धुलाईवाल्याला वर बोलवा. त्यालाच विचारू."

दादा ओल्या हातांनी वर आला. सगळे शिवणघर थांबले होते. इतक्या मशीनी एकदम बंद झाल्या की जी शांतता होते, ती फार वाईट असते.

"काय रे, सॉफ्टनर टाकतोस ना?" घड्याळने विचारले.

दादाने आधी त्याच्याकडे बघितले. मग धाकटीकडे. वहिनीकडे बघितलेच नाही. "टाकतो, साहेब," तो म्हणाला. "नेहमीसारखंच."

वहिनीच्या हातात त्या तीन पट्ट्या होत्या. मला वाटले, आता ती त्या त्याच्या पुढे धरेल, आता विचारेल. तिने तसे काही केले नाही. चारचौघांत नवऱ्याला खोटे पाडणे तिला जमले नाही. तिने पट्ट्यांची घडी घातली आणि टेबलावर ठेवून दिली.

त्याच दिवशी दोष तिच्या हाताचा ठरवून घड्याळने तिला माझ्यावरून उठवले आणि पलीकडच्या टोकाला, झबल्यांचे लोंबते दोरे कापायच्या टेबलावर बसवले. नव्याने आलेल्या मुली जे काम पहिल्या आठवड्यात करतात, ते काम. माझ्यावर धाकटीला बसायला सांगितले, कारण तोवर तिचा हात सगळ्यांत वेगवान झाला होता.

"मी नाही बसणार वहिनीच्या जागेवर," धाकटी म्हणाली.

"बस," वहिनी तिला बाजूला घेऊन म्हणाली. "दुसरी कुणी बसली तर तिला या मशीनच्या खोडी माहीत नाहीत. तू बस. पण कापड असं असेतोवर हळू चालव, आणि तोंड सुईजवळ नेऊ नकोस. पुढची काच नाहीये तिला."

काचेचे राहिलेच सांगायचे. माझ्या सुईसमोर एक पारदर्शक झाकण असते. सुई तुटली तर तुकडा माणसाकडे उडू नये म्हणून. माझे झाकण महिन्यापूर्वी तडकले होते. फिटरकाकांनी ते काढून ठेवले आणि नवे मागितले. दोनदा मागितले. घड्याळ म्हणाला होता, "पुढच्या खेपेला सामानाबरोबर मागवू." ती पुढची खेप आली नव्हती.

धाकटीने चार दिवस मला जपून चालवले. पाचव्या दिवशी सकाळी घड्याळ तिच्या मागे येऊन उभा राहिला. परत आलेल्या खोक्यांऐवजी नवा माल द्यायचा होता.

"एवढा वेळ एका खांद्याला? हात चालव."

"कापड अडतंय, साहेब."

"तुझ्या वहिनीचंच गाणं तू गाऊ नकोस. चालव."

तिने पायडल दाबले. माझा वेग वाढला. सुई तापली. खांद्याची शिवण जिथे गळ्याच्या पट्टीला मिळते तिथे कापडाचे चार पदर एकावर एक येतात, आणि ते चारही पदर कोरडे, कडक होते. नीट दिसावे म्हणून धाकटी पुढे वाकली. माझी सुई त्या पदरांत शिरताना किंचित वाकली, खालच्या पट्टीच्या कडेवर आदळली आणि तुटली. तिचे तीन तुकडे झाले. एक कापडात अडकला. एक माझ्या दातांत सापडला. तिसरा धाकटीच्या उजव्या डोळ्यात गेला.

मित्रांनो, ती किंचाळली नाही. तिने डोळ्यावर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "वहिनी, काहीतरी गेलं."

वहिनी टेबलावरून उठून धावत आली. "चोळू नकोस. हात काढ. चोळू नकोस गं," म्हणत तिने तिचे मनगट घट्ट धरले. घड्याळ म्हणाला, "पाणी मारा, पाणी मारा," तेव्हा ती त्याच्यावर ओरडली, "कुणी हात लावायचा नाही!" तिचा आवाज एवढा चढलेला मी त्याआधी कधीच ऐकला नव्हता. फिटरकाकांनी चहाचा कागदी पेला अर्धा कापला आणि डोळ्याला टेकणार नाही असा वरून धरला. माझ्यावर जे झबले अर्धे शिवून राहिले होते, त्यावर रक्ताचे दोन थेंब पडले होते.

दादा जिना चढून आला. त्याने बहिणीला लहान मुलासारखे उचलले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"सॉफ्टनर नाही टाकलं मी," तो म्हणाला. "महिना झाला. चौथा हौद बंदच आहे."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "चला आता. आधी दवाखान्यात चला."

ते तिघे खाली गेले. माझी मोटार कुणी बंद केली नव्हती. ती बराच वेळ तशीच घुमत राहिली.

धाकटीचा डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी दोनदा शस्त्रक्रिया केली, असे बायका बोलताना मी ऐकले. आठवड्याने दादा वर आला. मालक आणि तपासनीस दोघेही शिवणघरात होते. त्याने त्यांच्यासमोर उभे राहून हौद गळू लागल्यापासूनचे सगळे सांगितले. जिन्यातले बोलणेही जसेच्या तसे सांगितले. मालकांनी घड्याळकडे बघितले. घड्याळ म्हणाला, "मी असं काही बोललो नाही. कुणी ऐकलंय का?"

कुणी ऐकले नव्हते. म्हणजे, माणसांपैकी कुणी नव्हते.

दादाला कामावरून काढले. सगळ्यांसमोर विचारले असता खोटे बोलला, हे कारण दिले, आणि ते खरेच होते. घड्याळ आहे तिथेच राहिला. तपासनिसाने कापडाचा तुकडा बरोबर नेला, आणि पुढच्या सोमवारी मालकांनी चौथा हौद रिकामा करून दुरुस्त करून घेतला. दीड दिवस लागला. दीडच दिवस. त्यानंतर वर आलेले कापड हातातून घसरेल इतके मऊ होते, धागा सुईला पहिल्यासारखी वाट देऊ लागला, आणि शिवणीला कितीही ताण दिला तरी एक भोक पडेना. मला त्याचा आनंद झाला नाही.

वहिनीला मालकांनी पुन्हा माझ्यावर बसायला सांगितले. तुमची चूक नव्हती, असे मात्र कुणी म्हणाले नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, बसली नाही. "आधी काच लावा," ती म्हणाली. "हिलाच नाही. सगळ्यांना." घड्याळने मनगटाकडे बघितले. ती दुपारपर्यंत तशीच उभी राहिली. मग एकेक करून बाकीच्या बायकाही आपापल्या मशीनवरून उठल्या. त्याच दिवशी फिटरकाकांनी सगळ्या मशीनींना नवी झाकणे बसवली.

ती पुन्हा माझ्यावर शिवू लागली. शिवण पूर्वीसारखीच सरळ होती. पण ती मला थापटेनाशी झाली. तेल द्यायची, कापूस काढायची, सुई नखावर फिरवायची, आणि सुई बघताना तिचा हात थांबायचा. दुपारी एकटी जेवायची. शेजारच्या बाईने विचारले, "दादाला लागलं का कुठे काम?" तर म्हणाली, "विचारलं नाही." दुसऱ्या कुणी विचारले, "घरी सगळं ठीक ना?" तर म्हणाली, "आहे." त्यापुढे कुणी विचारले नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी धाकटी आली. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. जिना चढताना ती प्रत्येक पायरी पायाने चाचपत होती, ते मला आवाजावरून कळले. बायका भोवती जमल्या, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी डोळे पुसले. मग आपापल्या कामाला गेल्या. धाकटी माझ्या शेजारी बसली.

"बघू, जमतंय का," म्हणून तिने दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले आणि माझ्या सुईत ओवायला घेतले. दोरा सुईच्या अलीकडून गेला. पुन्हा घेतला, पलीकडून गेला. एका डोळ्याला जवळचे आणि लांबचे पटकन कळत नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. वहिनी मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. तिला मदत करायची होती आणि करवत नव्हती.

शेवटी धाकटीने दोरा तिच्या हातात दिला. "तूच ओव." वहिनीने ओवला. मग धाकटी म्हणाली, "वहिनी, दादाशी बोल की गं."

"तू बोलतेस त्याच्याशी?"

"पहिल्या दिवसापासून. मी त्याला हवं ते सगळं बोलून घेतलं, शिव्यासुद्धा दिल्या. त्याने ऐकून घेतल्या. म्हणतो, आपल्या तिघांसाठीच गप्प बसलो."

वहिनी बराच वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "इथे सगळ्यांसमोर त्यांनी खोटं सांगितलं, त्याचं मला फारसं काही नाही," ती म्हणाली. "भीती कुणालाही वाटते. पण त्या रात्री घरी येऊन मला एकटीला तरी सांगायचं. मी रोज वाढताना वाट बघत होते. मला वाटायचं, आता सांगतील. मला सांगितलं असतं तर मी तुला या मशीनवर बसू दिलं असतं का? मला माहीत होतं, तरी मीही विचारलं नाही. मी पण गप्पच बसले."

"मग हेच त्याला जाऊन सांग. मला कशाला सांगतेस? डोळा एक गेलाय माझा, कान दोन्ही शाबूत आहेत. घरात तीन माणसं, आणि भांड्यांशिवाय कुणाचा आवाज येत नाही. मला नाही सहन होत."

वहिनीने माझे बटण बंद केले. शिवायची झबली तशीच अर्धी ठेवली. इतक्या वर्षांत काम अर्धे टाकून तिला जाताना मी पहिल्यांदाच बघितले. तिने धाकटीचा हात धरला आणि "इथे पायरी आहे, आता दुसरी," असे सांगत तिला जिन्यातून खाली नेले.

घरी काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते, आणि आवाज बसला होता. खूप बोलल्यावर बसतो तसा. धाकटीचा डोळा काही परत आला नाही. दादा कुठल्या तरी गोदामात हमाली करतो, असे पुढे कानावर आले.

मित्रांनो, माझे आता थोडेच दिवस उरले आहेत. मला मोडीत काढायचे ठरले आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मशीनला तेल द्या, तिची सुई वेळेवर बदला, तिचे झाकण तडकले तर ते नवे आल्याशिवाय तिच्यावर कुणालाही बसवू नका. एखाद्याची शिवण उसवली तर त्याच्या हातांना नावे ठेवण्याआधी ते कापड स्वतःच्या हातात घेऊन बघा, आणि ते कुठून, कसे आले ते विचारा. आणि कुठे काय चुकते आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच दिवशी सांगा. चारचौघांत धीर होत नसेल तर घरी जाऊन एका माणसाला सांगा. जिन्यात काय ठरले ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.